सहा तास बर्फाचे

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावरून, चिंचणी-वरोरपासून घोलवडपर्यंत, दोन प्रकारचा माल बाहेरगावी जातो आणि दोन्हींची घड्याळाशी शर्यत असते. एक मासळी. बोट किनाऱ्याला लागायच्या आधीच मासळीवर बर्फाचा चुरा पडलेला असतो, आणि बर्फ जितका जास्त तितकं बरं. दुसरा चिकू. कडक असतानाच झाडावरून उतरवायचा, खोक्यात भरायचा आणि ट्रकनं दूरच्या बाजारात पाठवायचा. या खोक्यातही बर्फाचा चुरा टाका, असं कुणी सांगितलं तर वाडीवाला हसेल. मासा मेलेला असतो, त्याला फक्त सडू द्यायचं नसतं. चिकू तोडल्यावरही जिवंत असतो. त्याच्या पेशी हवेतला प्राणवायू घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि या श्वसनाच्या जोरावरच तो पिकतो. बेताच्या गारव्यात हा श्वास मंदावतो आणि फळ जास्त टिकतं. गारठा फार झाला तर आतली यंत्रणाच बिघडते. मग बाहेर काढून कितीही दिवस वाट पाहा, फळ नीट पिकत नाही.

दात्याच्या शरीरातून काढलेलं माणसाचं फुफ्फुस यांपैकी कोणत्या मालासारखं जपायचं? ते जिवंत असतं हे डॉक्टरांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तरीही अनेक दशकं ते मासळीच्या रीतीनं, म्हणजे बर्फातच, नेलं गेलं. चिकूची रीत त्याला जास्त मानवते, हे अलीकडे ठामपणे पुढे आलं आहे. त्यातून जे बदलतंय ते थक्क करणारं आहे.

आधी हा अवयव काय चीज आहे ते पाहू. दोन फुफ्फुसांत मिळून सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. ते उलगडून सपाट पसरता आले असते तर ७० चौरस मीटरांहून जास्त, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांच्या पुढे जागा लागली असती. प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचं जाळं असतं. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. इतक्या नाजूक पडद्यातून रक्तातलं पाणी आत झिरपायला वेळ लागत नाही. म्हणून त्याच्या पेशी आत आलेलं पाणी सतत उपसत राहतात. हा उपसा बंद पडला की फुफ्फुस आतून भरू लागतं.

या अवयवाचा एक गुण मात्र इतर कुणाकडे नाही. हृदय, यकृत, मूत्रपिंड या सगळ्यांना प्राणवायू रक्तातूनच मिळतो. रक्त थांबलं की त्यांची उपासमार सुरू झाली. फुफ्फुसाला दुसरी वाट आहे. वायुकोशात भरलेली हवा त्याच्या पेशींना थेट मिळते. म्हणून शल्यचिकित्सक दात्याचं फुफ्फुस रिकामं करून काढत नाहीत. प्राणवायू मिसळलेल्या हवेनं ते साधारण निम्मं फुगवतात आणि मगच श्वासनलिकेला स्टेपलर मारून ती बंद करतात. पेटीतून प्रवास करताना ते फुफ्फुस स्वतःच्याच पोटातल्या हवेवर जगत असतं.

तिथवर पोचण्याआधीची चाळणी कडक असते. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं मेंदूमृत अवस्थेला मृत्यू म्हणून मान्यता दिली. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करतं आणि दोन्ही वेळा मेंदूचं कार्य कायमचं थांबल्याचं निश्चित झालं तरच पुढचं बोलणं सुरू होतं. नातेवाइकांच्या संमतीशिवाय काहीच होत नाही. संमती मिळाली तरी फुफ्फुसं बहुधा नाकारलीच जातात. जगभराचा अनुभव असा की शंभर दात्यांमागे वीसेक जणांचीच फुफ्फुसं वापरता येतात. मेंदू बंद पडताना शरीरात अ‍ॅड्रेनालिनचा लोंढा येतो, रक्तदाब उसळतो आणि त्या धक्क्यानं फुफ्फुसांत पाणी शिरतं. अपघाताच्या वेळी उलटी श्वासनलिकेत गेलेली असते. व्हेंटिलेटरवर दिवस गेले की न्यूमोनिया होतो. बाहेरच्या जगाशी उघडा संबंध असलेला हा अवयव सगळ्यांत आधी मार खातो.

म्हणून तपासणी होते. दात्याला काही मिनिटं शंभर टक्के प्राणवायू देऊन रक्तातल्या प्राणवायूचा दाब मोजतात. तो पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरवर गेला तर फुफ्फुस चांगलं, असा ढोबळ नियम आहे. श्वासनलिकेत दुर्बीण घालून आत स्राव, जंतुसंसर्ग, इजा आहे का ते पाहतात. रक्तगट जुळावा लागतो आणि छातीचं मापही. उंच माणसाचं फुफ्फुस ठेंगण्याच्या छातीत मावत नाही.

मग शस्त्रक्रियागृहात असं दृश्य दिसतं, जे पाहणारा सहसा विसरत नाही. हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत नळी बसवून ४ अंश सेल्सिअसचं द्रावण सोडलं जातं. साठ किलोच्या माणसासाठी तीन-साडेतीन लिटर. व्हेंटिलेटर तोवर चालूच असतो. द्रावण रक्ताला पुढे ढकलत जातं आणि गुलाबी फुफ्फुस बघता बघता पांढरं होतं. नंतर तेच द्रावण उलट्या दिशेनं, शिरांमधून सोडतात. पुढच्या बाजूनं न निघालेल्या बारीक गुठळ्या त्यात वाहून येतात. मग एकात एक अशा तीन निर्जंतुक पिशव्या, आणि बर्फाची पेटी.

या द्रावणाची गोष्ट रसायनशास्त्राची आहे आणि ती सांगण्याजोगी आहे. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त, हा फरक टिकवण्यासाठी पेशीपटलातले सूक्ष्म पंप रात्रंदिवस ऊर्जा खर्च करतात. गारठ्यात हे पंप थंडावतात. सोडियम आत शिरतं, त्याच्या मागून पाणी शिरतं आणि पेशी फुगते. मूत्रपिंडासाठी जी जुनी द्रावणं तयार झाली, त्यांत यावर उपाय म्हणून बाहेरच भरपूर पोटॅशियम घातलेलं असे. आतबाहेर सारखंच असलं म्हणजे गळती नाही, असा हिशेब. फुफ्फुसासाठीही बरीच वर्षं तीच द्रावणं वापरली. पण जास्त पोटॅशियमनं फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, मग द्रावण सगळीकडे पोचत नाही. १९८० च्या दशकात जपान आणि टोरांटोमधल्या संशोधकांनी उलटी वाट धरली: पोटॅशियम कमी, आणि सोबत डेक्स्ट्रान हा मोठ्या रेणूंचा शर्करापदार्थ. हे मोठे रेणू वाहिनीतून सहज बाहेर पडत नाहीत आणि पाण्यालाही धरून ठेवतात. आज जगभरात फुफ्फुस धुण्यासाठी प्रामुख्यानं याच वळणाचं द्रावण वापरतात.

इथवरचा रस्ता सरळ नव्हता. माणसातलं पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जेम्स हार्डी यांनी केलं. रुग्ण १८ दिवस जगला. तो गेला मूत्रपिंडं निकामी होऊन. नवं फुफ्फुस काम करत होतं. पुढच्या वीस वर्षांत चाळीसेक प्रयत्न झाले, पण एकही रुग्ण वर्षभर जगला नाही. त्याच काळात मुंबईत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा अडीच महिनेच झाले होते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. त्या पिढीपुढे अवयव दूर नेण्याचा प्रश्न फारसा नव्हताच. दाता आणि रुग्ण सहसा एकाच रुग्णालयात असत. आधी जोडलेला अवयव टिकवायचा होता. फुफ्फुसाच्या बाबतीत ते १९८३ मध्ये टोरांटोत जोएल कूपर यांना जमलं. श्वासनलिकेचा सांधा उसवत होता, तो का उसवतो हे त्यांच्या गटानं शोधलं. शरीरानं परका अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन हे नवं औषधही हाताशी आलं होतं. शस्त्रक्रिया यशस्वी व्हायला लागल्यावर दाते लांबचे मिळू लागले, आणि प्रश्न घड्याळाचा झाला.

थंडीचा हिशेब साधा आहे. तापमान दहा अंशांनी उतरलं की पेशीची ऊर्जेची गरज अंदाजे निम्मी होते. ३७ अंशांवरून ४ अंशांवर आणलं की ती दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. पण शून्यावर येत नाही. म्हणून प्रत्येक अवयवाची मुदत ठरलेली. बर्फात हृदय सुमारे चार तास, फुफ्फुस सहा ते आठ, यकृत बारापर्यंत, मूत्रपिंड चोवीस तासांच्याही पुढे. मुदत उलटली की अवयव दिसायला तसाच असतो. दुखणं नंतर उघड होतं. नव्या शरीरात उबदार रक्त आत शिरलं की दबलेल्या पेशींतून घातक रसायनं बाहेर पडतात, पडदे झिरपू लागतात आणि नवं फुफ्फुस पहिल्या तीन दिवसांतच पाण्यानं भरतं.

सहा तास म्हणजे काय, हे महाराष्ट्रानं २० नोव्हेंबर २०२३ रोजी पाहिलं. पिंपरीतल्या एका रुग्णालयात फुफ्फुसं काढून नवी मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. संजीव जाधव आपल्या पथकासह पुणे विमानतळाकडे निघाले होते. तिथून विमानानं चेन्नई, जिथे २६ वर्षांचा एक रुग्ण वाट पाहत होता. दापोडीजवळ हॅरिस पुलावर रुग्णवाहिकेचा टायर फुटला आणि ती कठड्यावर आदळली. डॉक्टरांना आणि सहकाऱ्यांना मार लागला होता. त्यांनी पेटी दुसऱ्या गाडीत घातली, विमानतळ गाठला, चेन्नईला पोचले आणि त्याच अवस्थेत शस्त्रक्रिया केली. ती यशस्वी झाली. बातम्यांनी डॉक्टरांचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण त्या बातमीत एक प्रश्न दडला होता. एका फुटलेल्या टायरनं सगळंच संपावं, इतकी ही मुदत तोकडी का?

उत्तराचा एक धागा जुन्या कागदांत पडून होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कूपर यांच्याच गटानं कुत्र्यांच्या फुफ्फुसांवर वेगवेगळ्या तापमानांचे प्रयोग केले होते. १० अंशांवर ठेवलेली फुफ्फुसं त्याहून थंड ठेवलेल्यांपेक्षा चांगली निघाली. पण व्यवहारात बर्फच चालू राहिला, आणि त्याचं कारण अगदी रोजच्या व्यवहारातलं आहे. बर्फ वितळताना आपलं तापमान आपोआप शून्यावर धरून ठेवतो. त्याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही आणि तो कुठल्याही गावात मिळतो. १० अंश धरून ठेवायला खास पेटी लागते.

तीसेक वर्षांनी टोरांटोत मार्सेलो सायपेल आणि सहकाऱ्यांनी तो धागा पुन्हा उचलला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत डुकरांची फुफ्फुसं तब्बल ३६ तास ठेवली होती, काही ४ अंशांवर, काही १० अंशांवर. १० अंशांवरची स्पष्टपणे सरस ठरली. फरक तंतुकणिकांमध्ये होता. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या सूक्ष्म घटकांना ४ अंशांचा गारठा सोसत नाही, १० अंशांवर मात्र त्या मंद का होईना पण धडपणे काम करत राहतात. वायुकोशांत हवा होतीच. ती वापरणारी यंत्रणा शाबूत ठेवणं एवढंच राहिलं होतं. २०२३ मध्ये टोरांटो, व्हिएन्ना आणि माद्रिद इथल्या ७० रुग्णांचे निष्कर्ष आले. त्यांना मिळालेली फुफ्फुसं १० अंशांवर ठेवलेली होती, कित्येक बारा तासांहून जास्त वेळ. हे रुग्ण नेहमीच्या पद्धतीनं फुफ्फुस मिळालेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. मध्यरात्री घाईनं सुरू होणारी शस्त्रक्रिया सकाळी, झोप झालेल्या पथकाच्या हातून करता येऊ लागली.

दुसरा धागा थंडीला पूर्ण रजा देतो. स्वीडनमधल्या लुंड इथं स्टिग स्टीन यांनी २००० मध्ये हृदयविकारानं मृत्यू आलेल्या एका दात्याचं फुफ्फुस शरीराबाहेर ठेवून त्यात उबदार द्रावण खेळवलं, ते काम करतं याची खात्री केली आणि मगच ते रुग्णाला बसवलं. हृदय थांबलेल्या माणसाचं फुफ्फुस घेता येतं, याचंही नवल वाटायला नको. १९६३ मधला हार्डी यांचा दाताही हृदयविकारानंच गेलेला होता. आत हवा असलेला अवयव रक्ताशिवाय थोडा काळ तग धरतो, हाच तो गुण.

टोरांटोत हे तंत्र पुढे गेलं. पारदर्शक घुमटाखाली फुफ्फुसं ठेवलेली असतात. पंप त्यांच्यातून द्रावण फिरवतो, व्हेंटिलेटर मिनिटाला सात श्वास देतो आणि तापमान हळूहळू ३७ अंशांवर नेलं जातं. यंत्र इथं शरीराची भूमिका वठवतं. द्रावणातला प्राणवायू काढून घेऊन त्यात कार्बन डायऑक्साइड घालतं आणि ते फुफ्फुसाकडे पाठवतं. फुफ्फुस त्यात पुन्हा प्राणवायू भरून परत करतं का, हे तासातासाला मोजलं जातं. कुणाच्याही छातीत नसलेलं फुफ्फुस आपलं काम करून दाखवतं. २०११ मध्ये या गटानं २३ शंकास्पद फुफ्फुसांचा अहवाल दिला. चार तास यंत्रावर ठेवल्यावर त्यांतली २० प्रत्यारोपणाला योग्य निघाली, आणि त्या रुग्णांची प्रकृती नेहमीची फुफ्फुसं मिळालेल्यांइतकीच चांगली राहिली. घुमटाखाली उपचारही करता येतात. प्रतिजैविकं देता येतात, साचलेलं पाणी उतरवता येतं. २०२२ मध्ये तर एक प्रयोग असा झाला की रुग्णाला न बसवता, केवळ संशोधनासाठी घेतलेल्या ‘ए’ रक्तगटाच्या फुफ्फुसात आतड्यातल्या जिवाणूंकडून मिळालेली दोन विकरं सोडली. चार तासांत त्याच्या वाहिन्यांवरच्या ‘ए’ गटाच्या खुणा जवळजवळ पुसल्या गेल्या. ते बाहेरून ‘ओ’ गटासारखं झालं. ही वाट रुग्णांपर्यंत पोचली तर रक्तगट जुळत नाही म्हणून थांबलेल्या कित्येकांची रांग पुढे सरकेल.

या सगळ्याचा चिंचणीशी संबंध तासांच्या मार्गानं येतो. सुरतेहून मुंबईकडे येणारा महामार्ग तळासरीतल्या आच्छाडला महाराष्ट्रात शिरतो, आणि लोहमार्ग डहाणू रोड, वाणगाव करत जातो. डहाणू रोड ते चर्चगेट अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. प्रत्यारोपणाची मोठी रुग्णालयं मात्र महानगरांत, आणि अवयव कुणाला द्यायचा हे ठरवणारं झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, मुंबईत. सहा तासांच्या हिशेबात दात्याकडे पथक जाणं, रस्ता, विमान, पावसाळ्यातला खड्डा आणि फुटलेला टायर सगळं बसवावं लागतं. म्हणून ग्रीन कॉरिडॉर लागतो, पोलिसांनी सिग्नल अडवावे लागतात. मुदत दुप्पट झाली की नागपूरचा दाता आणि मुंबईच्या वॉर्डातला पालघरचा रुग्ण आरामात जुळू शकतात. रात्री उड्डाण नसलेल्या विमानतळाची अडचण सकाळपर्यंत थांबून सुटू शकते.

कायद्यातही एक दार उघडं आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. २०११ च्या दुरुस्तीनं अशी तरतूद केली की प्रत्यारोपण न करणारं रुग्णालयही केवळ अवयव काढून पाठवण्यासाठी नोंदणी करू शकतं. त्याला अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह लागतं. अवयव काढणारं तज्ज्ञ पथक बाहेरून येऊ शकतं. महामार्गावर अपघात होतात, डोक्याला मार लागलेले तरुण जवळच्या रुग्णालयात येतात आणि त्यांच्यापैकी काही मेंदूमृत होतात. त्या क्षणी त्यांच्या घरच्यांना अवयवदानाचा विचार करायचा असेल, तर ज्या रुग्णालयात ते आहेत तिथेच त्याची सोय असायला हवी.

सहा तास ही फुफ्फुसाची ताकद कधी नव्हतीच, ती बर्फाची मर्यादा होती. सोपा आणि स्वस्त म्हणून आपण बर्फ निवडला आणि त्याचं बंधन अवयवाच्या नावावर लिहून टाकलं. आता ते पुसलं जातंय. चिंचणीसारख्या गावापर्यंत त्याचा फायदा पोचायला दोन गोष्टी लागतील: १० अंश धरून ठेवणारी पेटी, आणि हाकेच्या अंतरावर अवयव काढण्याची परवानगी असलेलं रुग्णालय. पहिली गोष्ट प्रयोगशाळेनं दिली आहे. दुसरी आपण आपल्या जिल्ह्यासाठी मागायची आहे.